ढोबळी मिरचीचा सडका भाग कापून बाकीची वापरता का? आणि त्यात सत्त्व काही उरतं का?

ओटावाली
मंडळी, मागच्या रविवारी मंडईतून चार लाल ढोबळ्या मिरच्या आणल्या, टणक, चकचकीत, भाव विचारू नका. फ्रीजमध्ये ठेवल्या आणि आठवडाभर डबे-शाळा-ऑफिसच्या गडबडीत विसरून गेले. काल काढल्या तर एकीच्या देठाजवळ चार आण्याएवढा खड्डा, बोट लावलं तर बोटच आत गेलं, आणि चिरली तर आत बियांवर करडा कापूस. सासूबाई म्हणाल्या तेवढं कापून टाक आणि बाकीच्याची पीठ पेरून भाजी कर, आम्ही जन्मभर हेच केलं. लेक आठवीत आहे, ती लांबूनच "ईईई". मी मधल्या मधे. टाकवली नाही म्हणून डब्यात घालून परत फ्रीजमध्ये ठेवलीये (हसू नका).
माझा प्रश्न पोट बिघडेल का एवढाच नाहीये. समजा खाल्ली तर त्यात ते व्हिटॅमिन सी वगैरे उरलेलं असतं का, की नुसता चोथा? आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय की कुजलेल्या मिरचीत प्रोटीन वाढतं असं "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय". खरं का?

आगाऊ_कार्टं
प्रोटीन वाढतं म्हणजे अळी निघाली असेल ताई 😄

तिखटमीठ
मी कापून वापरते. कांदा बटाटा टोमॅटो सगळंच. एवढ्याशा डागासाठी अख्खी मिरची टाकायची म्हणजे जिवावर येतं. आतापर्यंत काही झालं नाही.

बुरशीबाई
ओटावाली, डबा उघडू नका, त्यातली बुरशीची पूड (म्हणजे तिचं बी) उडून बाकीच्या भाज्यांवर बसेल. तशीच टाका.
मी मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे, आता निवृत्त, त्यामुळे थोडं लांबण लावते, चालवून घ्या.
आधी चांगल्या मिरचीत काय असतं ते. लाल ढोबळीत १०० ग्रॅममागे साधारण १२५ ते १३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, हिरवीत ८० च्या आसपास. संत्र्यात पन्नासच्या थोडं वर. म्हणजे ज्या मिरचीला आपण चायनीजमधली शोभा समजतो ती लाल असेल तर संत्र्याच्या दुपटीहून जास्त असते. हंगेरीतला सेंट-जॉर्जी, ज्याला १९३७ सालचं नोबेल मिळालं, त्याने सेगेद गावात हे जीवनसत्त्व किलोकिलोने काढलं ते तिथल्या पाप्रिका मिरचीतूनच. तो स्वतः सांगायचा की बायकोने रात्री जेवायला मिरची वाढली होती, खायची इच्छा नव्हती, म्हणून लॅबमध्ये घेऊन गेला. नवऱ्यांचे नखरे कधीकधी असे उपयोगी पडतात.
आता सडताना काय होतं. बुरशी तोंडाने खात नाही, ती पाचकरस बाहेर सोडते. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आधी विरघळवते, म्हणून तुमचं बोट आत गेलं. पेशी फुटल्या की आतला रस, हवा आणि मिरचीतलंच एक एन्झाइम असे तिघे एकत्र येतात, एरवी ते आपापल्या खोलीत असतात. त्या एन्झाइमचं कामच क जीवनसत्त्व ऑक्सिजनशी जुळवून संपवायचं. म्हणजे पुष्कळसं नुकसान बुरशी स्वतः करतही नाही, ती फक्त दारं उघडून देते.

ओटावाली
बापरे. मग सडक्या भागापासून लांब जो टणक भाग आहे त्यातलं तरी शाबूत ना?

बुरशीबाई
टणक भागात बऱ्यापैकी असतं, पण ताज्या मिरचीइतकं नाही. आम्ही एम.एस्सी.च्या मुलांकडून हे प्रॅक्टिकल करून घ्यायचो. एक निळा रंग असतो, तो ब्युरेटमधून थेंबथेंब मिरचीच्या आंबट केलेल्या अर्कात सोडायचा. क जीवनसत्त्व आहे तोवर रंग मरतो, ते संपलं की अर्क फिकट गुलाबी राहतो. चांगल्या मिरचीला मुलं कंटाळेपर्यंत सोडत बसायची, थेंब पडतोय नि रंग गायब, पडतोय नि गायब. सडलेल्या भागाच्या अर्काला दोन-चार थेंबातच गुलाबी. आणि त्याच मिरचीचा वरून चांगला दिसणारा भाग घेतला तर गुलाबी यायला वेळ लागायचा, पण ताजीइतका नाही. मुलांना वाटायचं आपलं काहीतरी चुकलं, परत करायची.
एक बारीक गोष्ट मात्र, तो रंग फक्त शाबूत क जीवनसत्त्व मोजतो. अर्धवट ऑक्सिडाइज झालेलं शरीराला अजून वापरता येतं पण ते या मोजणीत येत नाही. त्याच्याही पुढची पायरी गाठली की मग काही परत येत नाही.

पथारीकर
नमस्कार, नंदुरबारकडचा आहे, मिरचीवाला. वाचून गंमत वाटली, शहरात एका मिरचीवर एवढी चर्चा, आमच्याकडे ट्रॉल्या सडतात तेव्हा कोणी विचारत नाही. असो.
ढोबळीचं मला माहीत नाही पण लाल मिरचीचं सांगतो. आमच्याकडे ओली लाल मिरची घेऊन व्यापारी मोकळ्या जागेत पसरतात, त्याला पथारी म्हणतात, एकरच्या एकर लाल दिसतं. ऊन चांगलं पडलं तर आठ-पंधरा दिवसात वाळते. पण अवकाळी आला की संपलं. ताडपत्र्या टाकेपर्यंत भिजते, आणि ताडपत्री टाकली तर आत वाफ धरते ते वेगळंच, दुसऱ्या दिवशी उचलली की गरम वास येतो आणि मिरची हाताला चिकट लागते. मग ती पिवळी पांढरी पडते, तिला फटकी म्हणतात, भाव निम्म्याच्या खाली.
मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एक ढीग घरामागे पसरला होता, रात्री पाऊस, सकाळी झाकला, तिसऱ्या दिवशी मिरची फोडून बघितली तर वरून लाल नि आत राखेसारखं. हलवली की बिया खुळखुळत नव्हत्या, गोळा झाल्या होत्या. व्यापाऱ्याने एक मूठ घेतली, दोन फोडल्या, काही न बोलता परत ढिगावर टाकल्या. ते न बोलणं जास्त लागतं.

बुरशीबाई
पथारीकर दादा, तुम्ही सांगताय तो भाग खरं तर जास्त महत्त्वाचा. ओली कुज आणि वाळकी बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवताना क जीवनसत्त्व उन्हाने नि हवेने तसंही बहुतेक जातं, चांगली वाळवली तरी. सुक्या मिरचीत राहतो तो लाल रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड्स, त्यातलं काही शरीर अ जीवनसत्त्वात बदलतं, आणि तिखटपणा. फटकी झाली म्हणजे तो रंगच गेला.

शेडनेट_वीसगुंठे
सातारा जिल्हा, ढोबळी करतो शेडनेटमध्ये. ताई तुमच्या मिरचीत आत कापूस होता आणि खड्डा देठाजवळ होता ना, त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे फुलात असतानाच बुरशी आत शिरते, फळ वाढतं, बाहेरून एकदम झकास, ग्रेडिंगला आमच्याही लक्षात येत नाही, आणि गिऱ्हाईकाच्या घरी गेल्यावर आतून बाहेर येते. दुसरं म्हणजे देठ ओढून तोडलेला. आम्ही बायांना शंभरदा सांगतो कात्रीने कापा, हिसका देऊ नका, पण रोजंदारीत घाई असते. देठ उपटला की तिथे जखम, वरून दव किंवा धुतलेलं पाणी त्या खोबणीत बसतं, झालं. म्हणून दव वाळल्यावर तोडायची आणि सावलीत न्यायची, उन्हात क्रेट ठेवले तर आतली गरमी रात्रीपर्यंत जात नाही.
मुंबईला माल पाठवला आणि एकदा पट्टी (व्यापाऱ्याचा विक्रीचा हिशोब) आली तर त्यात पाव माल डॅमेज. फोन केला तर म्हणे तुमच्या क्रेटला खालून पाणी सुटलं होतं. आता खरं होतं का खोटं देव जाणे, पण एक मिरची सडली की तिचं पाणी खालच्या थरावर गळतं हे मात्र खरं, माझ्या डोळ्यासमोर झालंय.

नाना_चौकस
फ्रीजमध्ये ठेवूनही सडते हे कसे काय? थंडीत बुरशी वाढत नाही असे शाळेत शिकलो.

बुरशीबाई
नाना, हळू वाढते, थांबत नाही. करडी बुरशी तर शून्याच्या आसपासही वाढते. आणि ढोबळीचं दुखणं असं की तिला अति थंडी सोसत नाही. मुळात उष्ण प्रदेशातलं फळ. सात ते दहा डिग्रीला ती दोन-तीन आठवडे नीट राहते, आपला फ्रीज चारच्या आसपास असतो. तिथे जास्त दिवस राहिली की सालीवर बारीक बारीक खळगे पडतात, बिया तपकिरी होतात, आणि त्या दुखावलेल्या सालीवर काळी मखमली बुरशी बसते, अल्टरनेरिया. म्हणजे थंडीने मारलं आणि बुरशीने खाल्लं. खालच्या भाजीच्या खणात ठेवा, तिथे थोडं कमी थंड असतं. न धुता, भोकं असलेल्या पिशवीत. चार-पाच दिवसात संपवायची.

तिखटमीठ
पण प्रोटीनचं राहिलं की! तो फॉरवर्ड आमच्याकडेही आलाय.

अर्धवट_शास्त्रज्ञ
मी फूड टेक्नॉलॉजी केलंय, कंपनीत क्वालिटीला आहे, हे मी सांगतो कारण यात लोक नेहमी फसतात, आमचे ट्रेनीसुद्धा.
अशा अभ्यासांमधे खरंच असे आकडे दिसतात की बुरशी लागलेल्या मिरचीत प्रोटीन टक्के जास्त, राख म्हणजे खनिजं जास्त, साखर कमी. खोटे नसतात. पण टक्के कशाचे ते बघा. समजा १०० ग्रॅम मिरची, ९२ ग्रॅम पाणी, आठ ग्रॅम बाकी सगळं, त्यात प्रोटीन एक ग्रॅम. म्हणजे वाळवून मोजलं तर साडेबारा टक्के. आता बुरशीने तीन ग्रॅम साखर खाल्ली आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून उडवून टाकली. उरले पाच ग्रॅम, प्रोटीन तेच एक ग्रॅम, टक्के झाले वीस! काही वाढलं का? घरातली चार माणसं गावाला गेली म्हणून उरलेल्या दोघांचा पगार वाढत नाही.
दुसरं म्हणजे प्रोटीन मोजायची जी जुनी पद्धत आहे तिच्यात थेट प्रोटीन मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. बुरशीच्या अंगात काइटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच, त्यातही नायट्रोजन. तो पण प्रोटीनच्या खात्यात जमा. म्हणजे तुमच्या सोसायटीचे शास्त्रज्ञ मिरची मोजत नव्हते, बुरशी मोजत होते.

आगाऊ_कार्टं
चार माणसं गावाला 😂 हे आमच्या सरांना पाठवतो

ओटावाली
अर्धवट, हे भारी समजावलंत. पण मग खनिजं तरी कुठे जात नाहीत ना? पोटॅशियम काय बुरशी उडवून लावणार?

अर्धवट_शास्त्रज्ञ
उडत नाही, गळतं. शेडनेटवाले दादा म्हणाले ना क्रेटखाली पाणी सुटतं, त्या पाण्यात असतं ते. तुमच्या डब्याच्या तळाशी जे पिवळट पाणी असेल त्यात साखर आहे, पोटॅशियम आहे. बुरशीला पण लागतं थोडं.
पण खरं सांगू का, मला या जीवनसत्त्वाच्या हिशोबात फार रस नाही. अर्धी मिरची गेली तर एक पेरू खा, भरपाई झाली. मला भीती असते ती विषाची, आणि ती ढोबळीपेक्षा तिखटात जास्त. पथारीकर म्हणाले तशी ओली राहिलेली मिरची असली की त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस येते, हिरवट पिवळी, तीच अफ्लाटॉक्सिन करते. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत ते पहिल्या गटात आहे. युरोपात मिरचीसाठी मर्यादा किलोला त्यातल्या बी-१ प्रकाराचं पाच मायक्रोग्रॅम आणि सगळे प्रकार मिळून दहा. किलोला मायक्रोग्रॅम! त्यावर गेला की कंटेनर अडकतो. आणि हे विष फोडणीने जात नाही, भाजूनही पूर्ण जात नाही. बुरशी मेली तरी तिने करून ठेवलेलं राहतंच. वाफ देऊन निर्जंतुक केलेलं तिखट म्हणजे मेलेल्या बुरशीचं तिखट, विष जवळजवळ होतं तेवढंच.
दळलं की तर काहीच ओळखू येत नाही, एक पोतं वाईट, नऊ चांगली, सगळं एका घाण्यात.

भिवापूरची_मिरची
काऊन घाबरवून राह्यले हो सगळ्यांना 🙂 आमच्या विदर्भात सातऱ्यावर (मिरची निवडायच्या जागेवर) बाया दिवसभर बसून देठं खुडतात, तेव्हाच फटकी, काळी, सगळी वेगळी काढतात. माझी आजी जायची. तिचं बोट फिरलं की मिरची ओली आहे का वाळली तिला न बघता कळायचं. खरी गोष्ट ही की फटकी वेगळी काढतात पण फेकत नाही, ती विकली जाते, कमी भावात. कुठं जाते ते तुम्हीच समजून घ्या, स्वस्त तिखट कुठून येते मग?

पथारीकर
बरोबर बोललात भाऊ. आणि अजून एक, वाळलेली मिरची पोत्यात भरताना तुटू नये म्हणून पाणी मारतात. थोडं मारलं तर चालतं असं म्हणतात, पण वजन पण वाढतं ना, मग हात थोडा सैल सुटतो. वरून पोतं कोरडं.

अर्धवट_शास्त्रज्ञ
हेच! दहा-अकरा टक्क्यांच्या आत ओलावा असला तर बुरशी झोपून राहते. तुम्ही ते पाणी मारलं की उठली.

तिखटमीठ
म्हणजे मसाला करायला बेडगी संकेश्वरी आणतो त्यात बघायचं काय? मे महिन्यात कांडपाला न्यायची आहे, दरवर्षी मी नुसता रंग बघते.

अर्धवट_शास्त्रज्ञ
दहा-पंधरा मिरच्या फोडा, पोत्याच्या मधून घेतलेल्या, वरच्या नाही. आत राखाडी काळं हिरवट काही दिसलं, कुबट वास आला की ते पोतं सोडा. हलवून बिया वाजल्या पाहिजेत. देठ काढलेली घेण्यापेक्षा देठासकट घ्या आणि घरी काढा, देठाच्या भोकातून ओल आत जाते. आणि घरी आणल्यावर गच्चीवर कडक ऊन द्या दोन दिवस, कापड पसरून, संध्याकाळी घरात. दळून आणलेलं गरम तिखट लगेच बरणीत कोंबू नका.

नाना_चौकस
मिरची इतकी तिखट असते, त्या तिखटपणाने बुरशी मरत नाही का? लोणच्यात आपण मिरची घालतो ती टिकायलाच ना?

बुरशीबाई
नाना, फार छान प्रश्न. निसर्गात मिरची तिखट झाली त्यात बुरशीचा हात आहेच. बोलिव्हियात रानटी मिरच्यांवर काम झालंय, २००८ साली प्रसिद्ध झालं. तिथे एकाच जातीची काही झाडं तिखट आणि काही अजिबात तिखट नाहीत. रस चोखणारे किडे फळाला भोकं पाडतात, त्यातून फ्युजेरियम बुरशी आत जाते आणि बिया मारते. जिथे किडे जास्त तिथे तिखट झाडं जास्त, कारण तिखट फळातल्या बिया वाचतात. तिखटपणा कुठे असतो बघा, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात. आईने बाळाच्या पाळण्याभोवतीच पहारा बसवल्यासारखा.
पण पहारा एका चोरासाठी. सगळ्या बुरशा त्याला घाबरत नाहीत, नाहीतर तिखटाच्या डब्यात जाळं धरलं नसतं. आणि ढोबळीत तर तो पहाराच नाही, माणसाने निवडून निवडून काढून टाकला.
लोणचं टिकतं ते मीठ, आंबट आणि तेलामुळे.

शेडनेट_वीसगुंठे
मॅडम, आमच्याकडे लाल होताना फळावर गोल खोलगट डाग पडतात, एकात एक वर्तुळं, मधे नारिंगी गुलाबी चिकट. हिरव्यावर काही नसतं. ते काय? फवारणी वेळेवर केलेली असते.

बुरशीबाई
फळकुज, कोलेटोट्रिकम. फवारणी वेळेवर वाटते तुम्हाला, तिच्या मानाने उशिरा. ती हिरव्या फळावरच येऊन बसलेली असते, सालीत खिळा ठोकून गप्प. फळ पिकायला लागलं, साल मऊ, साखर वाढली की पसरते. म्हणून तोडताना स्वच्छ आणि बाजारात डागाळलेली असं होतं. आणि ताईंचा विषय घ्यायचा तर हिचा घास म्हणजे नेमकं तेच लाल पिकलेलं फळ, ज्यात साखर, रंग, क जीवनसत्त्व सगळं सर्वात जास्त असतं. हिरवी तोडून विकली तर कुज कमी, पण पोषणही कमी. पिकू द्यावं तर दोघांनाही आवडतं, आपल्याला नि तिला.
तोडणीनंतर ५५ डिग्रीच्या पाण्यात चार मिनिटं बुडवून काढायची पद्धत आहे, करड्या बुरशीवर चालते, पण थर्मामीटर लागेल, अंदाजे केलं तर मिरची शिजेल. आणि नंतर पूर्ण कोरडी करायला हवी. वीस गुंठ्यात परवडेल का ते तुम्ही बघा.

शेडनेट_वीसगुंठे
परवडणार नाही 🙂 पण सडकी फळं झाडाखालीच टाकून देतो आम्ही, ते बंद करायला लागेल बहुतेक.

बुरशीबाई
ते मात्र आजच करा. पाण्याचा थेंब पडला की त्या गुलाबी चिकटातून बुरशीचं बी उडतं.

ओटावाली
सगळ्यांचे आभार. मिरची टाकली, डब्यासकट नाही, डबा गरम पाण्याने धुतला. सासूबाईंना प्रोटीनचा हिशोब सांगितला, त्या म्हणाल्या एवढं शिकून पण मिरची फुकट घालवलीसच ना.
पण खाण्याचा निकाल कुणी स्पष्ट दिलाच नाही!

बुरशीबाई
देते. ढोबळीसारख्या पाणीदार फळात धागे दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. बाहेरून एखादा कोरडा डाग आहे, आत स्वच्छ, वास नाही, तर बोटभर जास्त कापून लगेच शिजवा, मी स्वतः करते. आत बियांवर कापूस दिसला तर अख्खी टाकायची, कारण आतली पोकळी एकच आहे, पूड सगळीकडे बसलेली असते. सुकी मिरची आतून बुरसटलेली असेल तर कापाकापी नाहीच, टाका.

तिखटमीठ
मी कांद्याचं बदलणार नाही, ढोबळीचं बदलते. 😐

ओटावाली
चालेल. एक कबुली राहिली. अशीच एक मिरची मागच्या महिन्यात पण सडली होती, तिच्या बिया मी पुसून कुंडीत टाकल्या होत्या. उगवल्यात. सात रोपं, चार-चार पानं.

बुरशीबाई
अहो फळकुज बियांतूनच जाते पुढे! निदान बी ५२ डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवून तरी लावायचं.

शेडनेट_वीसगुंठे
आणि बाजारातली ढोबळी हायब्रिड असते ताई, तिच्या बियांना काय लागेल सांगता येत नाही.

ओटावाली
उपटू का मग?

बुरशीबाई
पानांवर, खोडावर डाग आहेत का?

ओटावाली
नाहीत. एकदम हिरवीगार.

बुरशीबाई
मग राहू द्या. बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, पाणी वरून न घालता बुंध्याशी घाला. आणि पहिलं फळ लाल व्हायला लागलं की इथे फोटो टाका.